गटाचा प्रकल्प की पाच जणांची पाच पाने?

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

संगणक विभागातील विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिम या विषयावर गटाने संशोधन-प्रकल्प करावा लागतो. पाच-सहा जणांचा एक गट, एक मार्गदर्शक प्राध्यापक, सत्राअखेर एक बांधीव अहवाल आणि त्यावर तोंडी परीक्षा, असे त्याचे साधारण स्वरूप असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच. आधी माझे म्हणणे सांगून टाकतो. हे प्रकल्प आज ज्या रीतीने होतात त्या रीतीने ते गटाचेही नसतात आणि संशोधनही नसतात. आणि याचा सर्वांत अधिक तोटा होतो तो मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्या, काम करणाऱ्या पण चारचौघांत इंग्रजी बोलायला बिचकणाऱ्या विद्यार्थ्यांचा.

प्रकल्प जाहीर झाल्यावर पहिल्या बैठकीत काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. विषयाचे तुकडे पडतात. एकाकडे इतिहास, दुसऱ्याकडे प्रकार, तिसऱ्याकडे मेमरी, चौथ्याकडे शेड्युलिंग, पाचव्याकडे फायदे-तोटे आणि उपसंहार. मग प्रत्येक जण आपापला तुकडा कोठून तरी उतरवून आणतो. पूर्वी त्यासाठी सीनियरची वही असे, नंतर इंटरनेट आले, आणि आता तर प्रश्न टाइप केला की संगणकच व्याकरणशुद्ध इंग्रजीत वीस पाने लिहून देतो. झेरॉक्सच्या दुकानात अहवालाला स्पायरल लागते, मुखपृष्ठावर सर्वांची नावे छापली जातात आणि गट झाला असे आपण समजतो. वस्तुतः ज्याने मेमरीवर लिहिले त्याने शेड्युलिंगचे पान वाचलेले नसते. बांधणीची तार काढून टाकली तर पाच जणांची पाच पाने पाच दिशांना जातील.

तोंडी परीक्षेत गटातील ज्याचे इंग्रजी सफाईदार तो बोलतो, बाकीचे मान हलवतात. माझ्या माहितीतल्या एका गटात प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहून तो रात्र रात्र जागून चालता केला तो खानापूरकडच्या खेड्यातून येणाऱ्या, मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने. त्याला साथ होती गोकाककडच्या कन्नड शाळेतून आलेल्या एका मुलीची. परीक्षकांनी प्रश्न विचारले तेव्हा दोघेही गप्प राहिली. उत्तरे ठाऊक होती, वाक्ये जुळेनात. ज्याने केवळ प्रस्तावना लिहिली होती तो बोलला आणि गुणांच्या यादीत वर गेला. यात त्या बोलणाऱ्याचा दोष नाही. प्रकल्पाची रीतच अशी की जो बोलेल त्याचे काम. सीमाभागात मराठी-कन्नड म्हटले की एका निराळ्याच वादाची आठवण होते. तो येथे मला मुळीच उकरायचा नाही. त्या दिवशी त्या बाकावर दोन्ही भाषा एकाच रीतीने गप्प बसल्या होत्या, एवढेच सांगायचे आहे.

आता माझा संबंध. यंदा संगणक विभागातील मित्रांच्या एका गटाने सादरीकरणाच्या तालमीसाठी मला श्रोता म्हणून बसवले. संगणकातले काही न कळणारा माणूस समोर असला म्हणजे धीर येतो, असा त्यांचा हिशेब. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी, इतके मला समजत होते. प्रोसेसर मोजके, मेमरी ठरावीक, आणि त्यांवर हक्क सांगणारे प्रोग्रॅम शेकडो. कोणाची पाळी केव्हा, कोणाला किती द्यायचे, दोघांनी एकच वस्तू मागितली तर काय करायचे, हे सर्व हा कारभारी पाहतो. ऐकता ऐकता 'बँकर्स अल्गोरिदम' असा शब्द आला आणि मी सरसावून बसलो. आमच्या गल्लीतील एका पतसंस्थेत मी संध्याकाळी हिशेब लिहायला जातो. बँकर म्हटल्यावर गप्प कसा बसणार?

त्या शब्दाच्या आधी डेडलॉक समजून घ्यावा लागतो. मित्रांनी त्याच्या चार अटी इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवल्या. मी त्या पतसंस्थेत नेऊन बसवल्या. समजा, दोन कारकून आहेत. पहिल्याला खाते क्रमांक १५ मधून ४० मध्ये रक्कम वळती करायची आहे, दुसऱ्याला ४० मधून १५ मध्ये. नियम असा की दोन्ही खातेवह्या हाती आल्याशिवाय नोंद करायची नाही, आणि दुसऱ्याच्या हातची वही ओढून घ्यायची नाही. पहिल्याने १५ ची वही उचलली, त्याच क्षणी दुसऱ्याने ४० ची. पहिला ४० ची वाट पाहतो, दुसरा १५ ची. दोघेही कामसू, दोघेही नियमाने वागणारे, आणि दोघेही दिवे लागणीपर्यंत तसेच बसून. चारही अटी येथे आहेत: वही एका वेळी एकाच्याच हाती, एक धरून दुसरीची वाट, ओढून न घेणे, आणि वाट पाहण्याचे वर्तुळ. यावरचा एक उपाय कोणताही हेडक्लार्क सांगेल. लहान क्रमांकाची वही नेहमी आधी उचलायची. मग दोघेही प्रथम १५ लाच हात घालतील. ज्याला ती मिळेल तो पुढे जाईल, दुसरा रिकाम्या हाताने थांबेल, आणि वर्तुळ होणारच नाही. संगणकाच्या पुस्तकातही हा उपाय असाच दिलेला आहे, फक्त तेथे खातेवही नाही.

आता बँकर. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात ही युक्ती मांडली. संस्थेजवळ एकूण १० लाख रुपये आहेत. तीन सभासदांना मर्यादा मंजूर आहे: पहिल्याला ८ लाख, दुसऱ्याला ५ लाख, तिसऱ्याला ९ लाख. बेरीज २२ लाख होते, पण सर्वांना एकाच वेळी सगळे लागत नाही म्हणून संस्था चालते. पूर्ण मर्यादा हाती आली की सभासदाचा व्यवहार पुरा होतो आणि तो सर्व रक्कम परत करतो, असे धरू. आजची उचल अशी: पहिला ३, दुसरा ३, तिसरा २. एकूण ८ लाख बाहेर, तिजोरीत २ लाख शिल्लक. दुसऱ्याला आणखी २ च हवेत. ते दिले की त्याचे काम होऊन ५ परत येतात. पहिल्याला ५ हवेत, ते मिळाले की ८ परत येतात. तिसऱ्याला ७ हवेत, तेही भागतात. म्हणजे सर्व पार पडतील असा एक क्रम आहे. ही सुरक्षित स्थिती.

अशा वेळी तिसरा सभासद १ लाख मागायला येतो. तिजोरीत २ लाख आहेत, त्याची मागणी मर्यादेतही आहे. द्यावेत का? दिले तर तिजोरीत १ लाख राहतो, आणि पुढची गरज होते पहिल्याला ५, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ६. १ लाखात कोणाचेच पुरे होत नाही. म्हणून बँकर पैसे जवळ असूनही 'जरा थांबा' म्हणतो. दिले असते तर अडचण झालीच असती असे नाही, एखादा सभासद मर्यादेपर्यंत न जाताच पैसे परत करूही शकतो. पण शहाणा बँकर त्या भरवशावर बसत नाही. संगणकात पैशाच्या जागी मेमरी, छपाईयंत्र असे काही धरावे आणि सभासदाच्या जागी प्रोग्रॅम, एवढाच फरक.

माझ्या मित्रांना या गणिताचे तक्ते चोख भरता येत होते. पैसे असताना नकार का, हे मात्र मराठीत बोलून झाल्यावर उलगडले. नंतर मी सहज विचारले, "आमच्या संस्थेत मर्यादा अर्जावर लिहिलेली असते. तुमचा प्रोग्रॅम असा अर्ज कोठे भरतो?" पाचही जण एकमेकांकडे पाहू लागले. मग शोध सुरू झाला आणि कळले की नेहमीच्या वापरातल्या प्रोग्रॅमला आपली कमाल गरज आधी सांगता येत नाही, शिवाय प्रोग्रॅम सारखे येत-जात असतात. त्यामुळे लिनक्स किंवा विंडोज ही युक्ती सहसा वापरतच नाहीत, डेडलॉक टाळण्याची जबाबदारी बहुतांशी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोडतात. डेटाबेस निराळे करतो. अडकलेले व्यवहार हुडकून त्यांतला एक रद्द करतो आणि दुसऱ्याला वाट देतो. पुस्तकात ज्या युक्तीला इतके मोठे स्थान, ती रोजच्या व्यवहारात का नाही, हा संशोधनाचा खरा प्रश्न होता. तो त्यांच्या आखणीत कोठेच नव्हता. बाहेरच्या शाखेचा एक माणूस ऐकायला बसला आणि भाषा घरची झाली, म्हणून तो निघाला.

संशोधन हे मोठ्यांचे काम, आपण संकलनच करावे, असा एक समज आहे. या विषयाचा इतिहास वेगळे सांगतो. डाइक्स्ट्राने आइंडहोवेन येथील तंत्रविद्यालयात जी ऑपरेटिंग सिस्टिम उभारली तिचा वृत्तान्त १९६८ साली प्रसिद्ध झाला. आपल्याजवळ सहा माणसे आहेत आणि तीही सरासरी अर्ध्या वेळेची, असे त्याने त्यात स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे आपल्या एका गटाएवढीच! काम त्यांनीही वाटून घेतले होते. पण सारी रचना थरांची होती, आणि खालचा थर तपासून पक्का झाल्यावर वरचा चढवायचा असा शिरस्ता होता. माझ्या थराखाली काय आहे ते मला ठाऊक नाही, असे म्हणायची तेथे सोय नव्हती.

आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची. बँकरच्या युक्तीचे टिपण डाइक्स्ट्राने आपल्या डच भाषेत लिहिले होते. डेडलॉकला तो 'प्राणघातक मिठी' अशा अर्थाचा डच शब्द वापरी. जगभरचे विद्यार्थी सेमाफोर शिकताना पी आणि व्ही या दोन क्रिया पाठ करतात. ती दोन अक्षरेही डच शब्दांवरून आलेली आहेत. डच ही काही जगाची भाषा नव्हे. पण त्या माणसाने विचार आपल्या भाषेत केला, नंतर इंग्रजीतही मांडला, आणि दोन्हींत त्याचे काही अडले नाही.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांचे उदाहरणही प्राध्यापकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून युनिक्स घडवले. त्याच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा सुमारे नऊ-दहा हजार ओळींचा होता. लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये तो विद्यार्थ्यांसाठी छापला आणि त्यावर ओळवार भाष्य लिहिले. संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम एक विद्यार्थी वाचू शकतो, हा त्यांचा विश्वास होता. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात मूळ प्रोग्रॅम वर्गात शिकवण्यास बंदी आली. मग त्या भाष्याच्या झेरॉक्स, झेरॉक्सच्याही झेरॉक्स देशोदेशी फिरल्या. रीतसर पुस्तक निघाले ते १९९६ साली. झेरॉक्स आपणही काढतो. फरक इतकाच की त्या प्रती वाचण्यासाठी काढलेल्या होत्या.

वर्गात शिकवायला युनिक्स उरले नाही म्हणून ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली मिनिक्स ही छोटी सिस्टिम लिहिली. तिच्यावर अभ्यास करता करता हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली. हा तरुण फिनलंडमधील स्वीडिश बोलणाऱ्या अल्पसंख्य समाजातला. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. आपल्यातला प्रत्येक जण टॉरवल्ड्स होईल, असे मी म्हणणार नाही. पण वय, पैसा किंवा घरची भाषा ही सबब त्याच्यापुढे टिकत नाही, एवढे मात्र खरे.

मग आपल्या महाविद्यालयात काय करता येईल? माझ्या चार सूचना आहेत.

पहिली, प्रकल्पाला विषय न देता एक प्रश्न द्यावा. 'ऑपरेटिंग सिस्टिमचा अभ्यास' हा मथळा रद्द व्हावा. त्याऐवजी वरचे दोन कारकून प्रोग्रॅममध्ये आणून मुद्दाम डेडलॉक घडवावा आणि तो सोडवून दाखवावा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००६ साली सहाव्या युनिक्सच्या धर्तीवर एक्सव्ही६ ही शिकण्यापुरती सिस्टिम तयार केली. ती दहा हजार ओळींच्या आतली असून फुकट मिळते. तिच्यात प्रोग्रॅमना ओळीने समान पाळी मिळते. त्याऐवजी काहींना अग्रक्रम दिला तर मागच्यांची किती उपासमार होते, हे मोजावे. असे आकडे कोणाकडून उतरवून घेता येत नाहीत, आपल्या प्रयोगशाळेत काढावेच लागतात.

दुसरी, तोंडी परीक्षेत चिठ्ठी टाकावी. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने, दुसऱ्याने केलेल्या भागावर उत्तर द्यायचे. कामाची विभागणी असावी, समजुतीची नसावी. चिठ्ठीचे भय असले की मेमरीवाला आपण होऊन शेड्युलिंगवाल्याच्या खोलीवर जाईल.

तिसरी, प्रत्येक गटाने अहवालापूर्वी दहा मिनिटे मराठीत किंवा कन्नडमध्ये, दुसऱ्या शाखेच्या दोन श्रोत्यांसमोर आपला प्रश्न समजावून सांगावा. श्रोत्यांना कळले की नाही यालाही थोडे गुण असावेत. आमच्या वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आनंदाने येतील. हिशेब, रांग, उचल, थकबाकी या गोष्टी आम्हाला तुमच्यापेक्षा जवळच्या आहेत.

चौथी, या अंकाच्या मराठी व कन्नड विभागांनी मिळून दरवर्षी एका गटाचा प्रकल्प दोन्ही भाषांत छापावा. दोन्हीकडचे शब्द शेजारी ठेवले की गंमत दिसते. कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज आणि सालु म्हणजे रांग. बँकर आणि शेड्युलर असे हाकेच्या अंतरावर! आणि पाळी हा शब्द तर मराठीत आहे तसाच आपल्याकडच्या कन्नड बोलीतही आहे. शेड्युलिंगचे सगळे सार त्या दोन अक्षरांत आले.

यावर आक्षेप येणारच. पहिला असा की पुढे नोकऱ्या इंग्रजीवर मिळतात, मराठी-कन्नडचे लाड कशाला? माझे म्हणणे इंग्रजी सोडा असे नाही. अहवाल इंग्रजीतच असू द्या. डेडलॉक, सेमाफोर हे शब्दही तसेच राहू द्या, त्यांना ओढूनताणून संस्कृत वेष चढवण्याची गरज नाही. शब्द परके चालतात, पण त्यांना जोडणारे वाक्य स्वतःचे असावे लागते. जे घरच्या भाषेत कळले ते इंग्रजीत सांगण्यासाठी निदान हाती काहीतरी असते. न कळलेले इंग्रजी दुसऱ्या प्रश्नालाच कोसळते.

दुसरा आक्षेप वेळेचा. एका प्राध्यापकाकडे गट अनेक, अभ्यासक्रम लांब आणि वर विद्यापीठाचे वेळापत्रक. हा आक्षेप खरा आहे आणि विद्यार्थ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये. पण साठ पानांचा, कोणीच न वाचलेला अहवाल तपासण्यापेक्षा बारा पानांचा, मोजलेल्या आकड्यांचा अहवाल तपासणे सोपे आहे. पाने कमी केली तर चिठ्ठीला वेळ निघेल. आज पाने लिहून देणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात असताना पानांच्या संख्येवर गुण देण्यात तसेही काही अर्थ उरलेला नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच मित्रांचा. ते म्हणाले, "तुझे ठीक आहे रे, तुला गुण मिळवायचे नाहीत." हेही खरे. म्हणून ही सूचना विद्यार्थ्यांच्या हौसेवर न सोडता गुणांच्या तक्त्यात बसवावी, असे माझे प्राध्यापकवर्गाला नम्र सांगणे आहे. जेथे गुण, तेथे आम्ही धावतो. हा आमचा स्वभाव एका सत्रात बदलणार नाही, पण गुण कोठे ठेवायचे हे आपल्या हाती आहे.

पुढील सत्राचे गट जूनमध्ये पडतील. एका गटाने तरी एकच प्रश्न घेऊन, चिठ्ठी मान्य करून, मराठी-कन्नड दोन्ही श्रोत्यांसमोर बोलून पाहावे. खानापूरचा तो मुलगा आणि गोकाकची ती मुलगी यंदाही वर्गात आहेत. प्रोग्रॅम त्यांचा चालतोच आहे, आता पाळी त्यांच्या बोलण्याची आहे.